उद्योजक घडवायची शाळा

‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती व्यासपीठांवरून ऐकलं, याची मोजदाद नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ऐकलं, गुणगौरव समारंभात ऐकलं, एकदा तर लग्नाच्या मांडवात आशीर्वादपर भाषणातही ऐकलं. गंमत अशी की बोलणारे बहुतेक सगळे पगारदार किंवा पेन्शनर असतात. (मीही पेन्शनरच.) मुलं टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस भरतीसाठी रनाळ्याहून दोंडाईच्याच्या रस्त्याला धावायला जातात.

मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांच्या घरांनी पूर्वी एकदा असंच ऐकलेलं आहे. २००० नंतरच्या दशकात डी.एड.ची कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आमच्या भागातल्या कित्येकांनी शेत गहाण टाकून, बैलजोडी विकून पोरांना तिथं घातलं. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षक भरती बंद केली आणि ती पदविका घरातल्या फडताळात जाऊन बसली. त्यानंतर ‘उद्योजक व्हा’ हा आवाज वाढला. नोकऱ्या आटल्या की उद्योजकतेचं कौतुक सुरू होतं, हे मी आयुष्यात दोन-तीनदा तरी पाहिलं. म्हणून मनात आलं, जरा मागे जाऊन बघावं. पदवीधर मुलाला धंदा सुरू करायला तयार करण्याचा खटाटोप आपल्याकडे केव्हापासून चालू आहे, आणि तो कुणाला साधला?

मागे जायचं तर जोतीराव फुल्यांपर्यंत जावं लागतं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांची एक तक्रार अशी होती की वरच्या शाळांमधलं शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी नाही, त्यातून फक्त कारकून आणि शाळामास्तर तयार होतात. हे वाचताना मी दरवेळी जरा सावरून बसतो, कारण त्या दोघांतला दुसरा मी. फुले हे नुसतं बोलत नव्हते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता. शाळा काढणारा हा माणूस धंद्याचा हिशेब जाणून होता, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सहसा सांगत नाही.

फुल्यांच्या निवेदनानंतर आठ वर्षांनी, १८९० साली, बडोद्यात कलाभवन सुरू झालं. बडोदा आम्हाला परकं नाही. आमच्या बाजूची ताप्ती व्हॅली रेल्वे धरायची, सुरतेला उतरायचं, तिथून पुढे बडोदा. आणि ज्यांनी ते काढलं ते सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावाजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेले. कलाभवनाची आखणी केली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, असे विषय आणि शिकवणं शक्य तितकं मातृभाषेतून. त्या काळी ही मोठीच धिटाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

मला मात्र फाळक्यांपेक्षा गज्जरांच्या दुसऱ्या शिष्यांची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते. गज्जर पुढे मुंबईला गेले आणि तिथं त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी काळं फासलं होतं, तो डाग भल्याभल्यांना निघेना, तो गज्जरांनी काढला आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. पण प्रयोगशाळेचा खरा उपयोग असा झाला की तिथं काम करणाऱ्या तरुणांना बाजारात विकता येईल असा माल कसा बनतो हे रोज दिसत होतं. अशा तरुणांतले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन. गुरूसह त्यांनी १९०७ साली ‘अलेंबिक’ उभी केली, ती आजही बडोद्यात आहे. पुढच्याच वर्षी, १९०८ ला, सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा काढली. म्हणजे अठरा वर्षांत एकाच संस्थानात शाळा झाली, कारखाना झाला, बँक झाली. शिकवणारा माणूस स्वतः कारखान्यात भागीदार होता, हा यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग. आपल्या शिष्याचा माल विकला गेला नाही तर त्याचंही नुकसान होणार होतं.

असाच दुसरा प्रकार आपल्या पुणे जिल्ह्यात तळेगावला झाला. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी डोक्यात घेतलं की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकांनी आधी हसून घेतलं. पण टिळकांनी उचलून धरल्यावर पैसा फंड वाढला आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. तिथं शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय होते, परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले. हा कारखाना नफ्यासाठी कमी आणि शिकवण्यासाठी जास्त चालला. मुलं भट्टीसमोर उभी राहून काच फुंकायला शिकत, आणि शिकलेली माणसं देशात ठिकठिकाणी जाऊन काचेचे कारखाने काढत किंवा चालवत. वर्गात बसून काच फुंकता येत नाही, एवढं तरी त्या लोकांना नीट कळलं होतं.

आता लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांचं चरित्र वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘यशस्वी उद्योजक’ या प्रकरणात असतं. मुलं ते पाठ करतात, गुण मिळवतात. त्यातला जो भाग मला बोलका वाटतो तो असा की लक्ष्मणराव आमच्याच धंद्यातले, म्हणजे शिक्षक. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवत होते, बढती डावलली गेली, नोकरी सोडली. बेळगावला सायकलींचं दुकान भावाबरोबर चालवलं. मग लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासेल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी झाली. परीक्षेत प्रश्न येतो, ‘लक्ष्मणरावांच्या अंगचे गुण सांगा.’ चिकाटी, दूरदृष्टी, साहस, असं मुलं लिहितात. औंधच्या राजांचं नाव कुणी लिहीत नाही, कारण ते ‘गुणां’त बसत नाही. पण त्या राजाने हात दिला नसता तर चिकाटी घेऊन लक्ष्मणराव कुठे गेले असते?

कर्मवीर भाऊराव पाटलांचं ‘कमवा आणि शिका’ इथं आठवतं. रयत शिक्षण संस्थेच्या आधी भाऊराव ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते होते, गावोगाव हिंडत. पुढची सगळी संस्था त्यांनी ज्या व्यवहारज्ञानाने उभारली ते मला वाटतं या हिंडण्यात आलेलं. पण त्यांच्या योजनेत मुलाने श्रम करायचे ते शिक्षणाच्या खर्चासाठी. धंदा शिकवणं हा तिचा हेतू नव्हता, तेव्हा त्यावरून तिला तोलू नये.

स्वातंत्र्यानंतर हवा बदलली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, त्याच वर्षी एमआयडीसी आली, शाळा-कॉलेजं वाढली, आणि शिकलेल्या माणसाला नोकरी मिळू लागली. सत्तरच्या आसपास आम्ही मराठी माध्यमातून बी.ए. केलं तेव्हा आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आम्ही निबंधात लिहायचो आणि निबंध संपला की नोकरीचे अर्ज लिहायचो. वर्गात ज्यांच्या घरी किराण्याचं दुकान होतं, ती मुलंसुद्धा बँकेची परीक्षा देत होती. त्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दर महिन्याच्या एक तारखेची किंमत, पावसाच्या भरवशावर जगलेल्या घरालाच कळते.

याच सुमारास हार्वर्डचे एक मानसशास्त्रज्ञ, डेव्हिड मॅक्लेलँड, भारतात एक प्रयोग करत होते. त्यांचं म्हणणं असं की काही माणसांत काहीतरी करून दाखवण्याची ओढ जास्त असते, आणि ही ओढ शिकवून वाढवता येते. आपल्याकडे तिला ‘सिद्धिप्रेरणा’ म्हणतात. १९६४-६५ साली आंध्रातल्या काकिनाडा गावातल्या पन्नासेक लोकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेऊन दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढची काही वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की न शिकलेल्यांपेक्षा या लोकांनी जास्त नवे धंदे काढले, जास्त पैसा गुंतवला. जगभर या प्रयोगाचं नाव झालं.

यातली एक गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली. काकिनाड्याची ती माणसं आधीपासूनच व्यापार-उदिमात होती. दुकानं, छोटे कारखाने चालवणारे लोक होते. दहा दिवसांत त्यांना पोहायला शिकवलं नव्हतं. पोहणाऱ्याला जरा लांब सूर मारायला सांगितलं होतं. तेच दहा दिवस, ज्याने आयुष्यात गल्ल्याला हात लावला नाही अशा पदवीधराला दिले तर काय होईल, हे काकिनाड्याच्या प्रयोगातून कळायचा मार्गच नव्हता.

गुजरातच्या लोकांना हे थोडं उमजलं असावं. १९६९ साली तिथल्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञ लोकांना तारणाशिवाय पूर्ण कर्ज द्यायची योजना काढली. लवकरच लक्षात आलं की नुसत्या पैशाने काम होत नाही. मग १९७० पासून तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, माणसं निवडून, कोणता धंदा हे ठरवून, नंतरही पाठपुरावा करून. त्यातूनच १९८३ मध्ये अहमदाबादेत उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्राने १ ऑक्टोबर १९८८ रोजी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र काढलं. आपल्या कॉलेजांत, तालुक्याच्या गावी जी उद्योजकता शिबिरं होतात त्यांचं मूळ इथं आहे.

असं एक शिबिर मी आमच्या भागात जवळून पाहिलं. त्यात रिंगांचा खेळ असतो. जमिनीवर खुंटी रोवलेली, हातात रिंगा. किती अंतरावरून टाकायच्या हे ज्याचं त्याने ठरवायचं. अगदी जवळून टाकली तर गुण कमी, फार लांबून टाकली तर चुकण्याचा संभव जास्त. जो मधलं अंतर निवडून, चूक झाली की थोडा पुढेमागे सरकतो, तो खरा उद्योजक, कारण तो झेपेल तेवढीच जोखीम घेतो. खेळ मोठा छान आहे आणि मुलांना आवडतो. पण त्या दिवशी तळोद्याकडच्या एका भिल्ल मुलाने शिकवणाऱ्या सरांना विचारलं, ‘सर, रिंग चुकली तर उचलून परत टाकता येते. बैल विकून टाकलेला पैसा चुकला तर?’ सर चांगले होते, हसले, म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर त्या शिबिराच्या वेळापत्रकात नव्हतं.

मधल्या काळात प्रशिक्षणाला आणखी एक वळण लागलं. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं आली. सुशिक्षित बेरोजगारांना बीज भांडवल, मग १९९३ च्या २ ऑक्टोबरपासून पंतप्रधान रोजगार योजना, २००८ ला तिची जागा घेणारी पीएमईजीपी, २०१९ ला मुख्यमंत्र्यांची रोजगार निर्मिती योजना. या योजनांत कर्ज हवं तर प्रशिक्षण घ्यायचं, अशी सांगड बसली. हेतू चांगला होता. झालं असं की प्रशिक्षण हे कर्जाच्या फायलीतलं एक कागदपत्र झालं, रहिवासी दाखल्यासारखं. रेशनकार्ड आहे का? आहे. मार्कशीट? आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र? तेही आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आमच्याकडच्या मुलांना या कामांसाठी धुळ्याला खेटे घालावे लागत. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या काळात मिरची कांडप मशीनसाठी कर्ज घेतलं. मिरची आमच्या नंदुरबारची जुनी ओळख. हंगामात ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती गावाबाहेर मोकळ्या जागेवर पथाऱ्यांवर वाळत घालतात, बाया बसून देठ खुडतात, मग माल मसालेवाल्यांकडे जातो. मुलाला वाटलं, इथंच दळून पाकिटात भरून विकावी. कल्पना चुकीची नव्हती. प्रकल्प अहवाल बाहेरच्या एका माणसाने पैसे घेऊन करून दिला, त्यात कच्चा माल, यंत्रसामग्री, नफ्याचा अंदाज, सगळं टापटीप. प्रशिक्षण झालं, मशीन आलं.

मिरचीचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. वर्षभर दळायची तर तेवढ्या दिवसांतच घेऊन ठेवावी लागते, म्हणजे हातात रोख हवी. कर्ज मुख्यतः मशीनचं होतं. खेळतं भांडवल म्हणून जे मिळालं ते पहिल्या महिन्यातच संपलं. दुकानदारांनी पाकिटं ठेवून घेतली ती उधारीवर. वसुलीला गेलं की ‘पुढच्या बाजाराला ये.’ त्यातच एका अवकाळी पावसाने घेतलेला माल काळा पडला. दोन वर्षांनी मशीन विकलं. मुलगा हुशार, कष्टाळू, दारूबिरूचं व्यसन नाही. ज्या बँकेने कर्ज दिलं तिथल्या साहेबाने त्याला ‘वृत्तीच नाही’ असं ऐकवलं. रिंगांच्या खेळातली भाषा किती लांब पोचते बघा.

हे सगळं व्यापाऱ्याच्या पोराला कुणी शिकवत नाही, कारण ते त्याला आधीच येत असतं. नंदुरबार-दोंडाईच्याच्या पेढीवर वाढलेलं मूल सातवी-आठवीतच ओळखायला लागतं की कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं, ओली मिरची वाळून वजनाला किती घटेल, भाव पडायच्या आधी हवा कशी बदलते. त्याचं चुकलं तर काका, मामा, व्याही सावरून घेतात. त्याच्या दृष्टीने विद्यापीठातलं उद्योजकता शिक्षण म्हणजे फारतर पत्रिकेवर छापायला एक पदवी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात शंभरातले जवळजवळ ६९ लोक आदिवासी आहेत. उरलेल्यांतही बरेच कोरडवाहू शेतकरी. यांच्या मुलाला ना पेढी, ना काका. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजी जाऊ नये म्हणून कायदा आहे, तो असायलाच हवा, पण त्यामुळे तारण म्हणून तिच्याकडे बघताना बँका बिचकतात. अशा मुलाला धंदा शिकायला कॉलेजखेरीज दुसरी जागा नाही. मुंबई-पुण्यात हे शिक्षण कमी पडलं तर भागतं, इथं भागत नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय कसा शिकवला जातो, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. बी.कॉम.ला व्यावसायिक उद्योजकतेचे पेपर असतात, उद्योजकाच्या व्याख्या असतात, शासकीय योजनांची यादी असते. बी.ए.च्या मुलाला तेवढंही नाही, आणि आमच्याकडे गर्दी बी.ए.लाच.

खानदेशातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण भवरलाल जैनांचं. वाकोदचे शेतकरी कुटुंबातले, मुंबईत वाणिज्य आणि कायदा शिकले. राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती, ती घेतली नाही. घरात साठवलेल्या सात हजार रुपयांवर १९६३ साली जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली, हातगाडीवरून. मग शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्स्या, एकामागून एक. पपईच्या चिकापासून पपेन काढायचा कारखाना घेतला तो १९७८ साली. मधे पंधरा वर्षं गेली! ठिबक सिंचनवाले म्हणून जग ज्यांना ओळखतं, त्यांनी पंधरा वर्षं दुसऱ्याचा माल विकला आणि शेतकऱ्याला काय हवं, तो पैसे केव्हा देतो आणि केव्हा देऊ शकत नाही, हे बघितलं. त्यांचं विद्यापीठ ते. व्याख्यानात मात्र हातगाडी आणि ठिबक एवढंच सांगतात, मधला काळ गाळतात. तोच तर अभ्यासक्रम!

असो. आता अलीकडचं. आमचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला १९९० साली झालं आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला होता. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ यासाठी एक संचालक नेमायची तरतूद केली. पदाचं नाव एका दमात म्हणता येत नाही, पण कल्पना चांगली आहे. मुलाला कल्पना सुचली तर त्याला बसायला जागा, प्रयोगशाळा, सल्ला आणि थोडा आधार मिळावा, त्याचा उद्योग अंड्यासारखा उबवावा. जळगावच्या विद्यापीठात ‘केसीआयआयएल’ नावाने असं केंद्र उभं राहिलं. २०१८ ला राज्याचं स्टार्टअप धोरण आलं. २०२२ च्या पावसाळ्यात स्टार्टअप यात्रेची गाडी तालुक्या-तालुक्यांतून फिरली, जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांनी आपापल्या कल्पनांचं सादरीकरण केलं, बक्षिसं झाली.

उबवणी केंद्राबद्दल मला आस्था आहे, कारण कलाभवनाच्या जवळ जाणारी गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांनी पहिल्यांदा विद्यापीठात येते आहे. मसाल्याचा नमुना तपासून मिळणं, त्याचा परवाना कसा काढायचा हे कुणी बाजूला बसून सांगणं, ही लहान गोष्ट नाही. पण स्पर्धांचं वेड मला पटत नाही. पडद्यावर चित्रं दाखवत थोड्या मिनिटांत कल्पना मांडायची, परीक्षकांनी विचारायचं, ‘यात नवीन काय?’ आता धडगावच्या बाया कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर करतात, त्यात नवीन काहीच नाही. माल चांगला, मागणी आहे, पण उन्हाळ्यात त्याच वेळी सगळ्यांनाच पैशाची गरज असते म्हणून व्यापारी म्हणेल त्या भावाला जातो. ज्याच्याकडे माल साठवायची सोय, त्याला पुढे चढा भाव. इथं नवी कल्पना लागत नाही. चार महिने थांबता येईल एवढी रोख आणि कोरडी जागा लागते. ते सादरीकरणात फारसं उठून दिसत नाही.

मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. बी.ए.च्या मुलांनासुद्धा एक हंगाम पथारीवर काढू द्यावा. वजनमाप, घट, मजुरी, भाड्याचा ट्रक, उधारी, हे सगळं वहीत लिहायला लावावं आणि त्या वहीला पेपरइतके गुण द्यावेत. कॉलेजने वीस-तीस क्विंटल माल स्वतःच्या नावावर घ्यावा, मुलांना विकू द्यावा, तोटा झाला तर कॉलेजने सोसावा. तळेगावच्या भट्टीत फुटलेल्या काचेचे पैसे काही शिकाऊ मुलांकडून वसूल करून तो कारखाना चालला नसता. प्राध्यापक म्हणतील, हा आमचा धंदा नव्हे. गज्जर प्राध्यापकच होते.

सध्या आमच्या गावाकडची एक मुलगी माझ्याकडे अधूनमधून वही घेऊन येते. बी.ए., मराठी विषय. बचत गटाच्या कर्जातून हंगामात जमेल तेवढी मिरची घेते, घरी वाळवते, दळून आणते आणि दोंडाईच्यात ओळखीच्या घरांना, आश्रमशाळेतल्या शिक्षकांना विकते. दुकानदारांना देत नाही, ‘आजोबा, ते पैसे फिरवतात’ म्हणते. वहीत तारीख, नाव, किलो, रोख की बाकी, असे रकाने. एका रकान्यात नुसती खूण असते. मी विचारलं तर म्हणाली, ज्यांनी दुसऱ्यांदा मागितली त्यांना ती खूण. गेल्या वर्षी चौदा होत्या, यंदा एकतीस.

तिला आता स्वतःचं मशीन घ्यायचं आहे, तर योजनेत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज माझ्याकडूनच लिहून नेला. शिबिर केव्हा आहे हे अजून कळलेलं नाही. मिरची बाजारात यायच्या आत ते उरकेल का, एवढंच ती दोनदा विचारून गेली.